‘दंड स्वस्त, इन्शुरन्स महाग’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगलीच्या आमच्या दाजींच्या गाडीचा इन्शुरन्स या महिन्यात संपतोय. रिन्यू करायचं सोडून त्यांनी मला व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मग आपण उगंच पैसे घालवतोय होय रे?" ‘कार इन्शुरन्सची लूट थांबवा’ असं त्याचं शीर्षक. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: विमा नसला तर दंड फक्त २,००० रुपये, म्हणजे प्रीमियमपेक्षा दंड स्वस्त. पुराला कंपन्या ‘देवाची करणी’ म्हणतात आणि एक पैसा देत नाहीत. आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, कमीत कमी लावा, क्लेममध्ये फरक पडत नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा विमा असतोच, दर वर्षी भरू नका. आणि छोटे क्लेम करू नका. दाजी पै-पैचा हिशेब ठेवणारे. त्यांनाही हे पटायला लागलं, म्हणून लिहायला बसलो.

दंडाचा मुद्दा सगळ्यात घातकी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ मध्ये पहिल्या वेळी २,००० रुपये दंड आहे हे खरं, पण त्याच वाक्यात तीन महिन्यांपर्यंतची कैदही आहे. ती मेसेजवाल्याने गाळली. तेही जाऊ द्या. विमा पोलिसांना दाखवायला काढतात हा समजच मुळात चुकीचा आहे. थर्ड पार्टी विमा समोरच्या माणसासाठी असतो. तुमच्या गाडीखाली कुणी गेलं तर भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं, आणि ती अंदाजपंचे ठरत नाही. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध प्रणय सेठी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१७ साली त्याची रीत पक्की करून दिली आहे. ती लावून बघू.

समजा, चुकीने तुमच्या गाडीची धडक बसून ३२ वर्षांचा एक दुकानदार गेला. महिना कमाई २५,०००, म्हणजे वर्षाला ३ लाख. स्वतःचा धंदा असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीचे ४० टक्के धरतात, म्हणजे ४ लाख २० हजार. घरात बायको, दोन मुलं आणि आई, असे चार जण त्याच्यावर अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा. उरले ३ लाख १५ हजार. या वर्षाच्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात, ३१ ते ३५ वयाला तो गुणक १६. झाले ५० लाख ४० हजार. शिवाय अंत्यविधी वगैरेंची ठरावीक रक्कम आणि व्याज वेगळं. थर्ड पार्टी विमा असेल तर मृत्यू किंवा दुखापतीची ही भरपाई कंपनी देते आणि तिला वरची मर्यादा नाही. नसेल तर ती गाडीमालकाकडून वसूल होते. घर विकावं लागेल. आणि मालकाकडे विकण्यासारखं काही नसलं तर त्या दुकानदाराच्या घरच्यांनी काय करायचं? एवढ्या संरक्षणाचा प्रीमियम किती? १,००० ते १,५०० सीसीच्या खाजगी गाडीला २०२२ साली ठरलेला दर ३,४१६ रुपये, अधिक जीएसटी. यात ‘दंड स्वस्त’ कुठे दिसतो?

पुराचं तर दाजींनी मला विचारायलाच नको होतं. २०१९ ला आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे, धोक्याची पातळी ४५ असताना. त्यांच्याच पॉलिसीची पीडीएफ उघडायला लावली. पहिल्याच विभागात आग, चोरी, दंगल, भूकंप यांच्या रांगेत पूर, वादळ, गारपीट, दरड अशी नावं लिहिलेली आहेत. फर्स्ट पार्टी, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा असेल तर पुराचं नुकसान मिळतं. नुसती थर्ड पार्टी असेल तर मिळत नाही, आणि बहुतेक ओरड तिथूनच येते.

अडतं ते इंजिनाशी. पाणी उतरलं की माणूस आधी चावी फिरवून बघतो. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. मग कंपनी म्हणते, हे पुराने नाही, तुम्ही स्टार्ट केल्याने झालं. मेसेजमध्ये ‘क्लेमच्या भानगडीत न पडता गाडी सुरू करून घरी आणा’ असंही लिहिलंय. कृपा करून असलं काही करू नका. फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी टोइंगने न्या. नदीकाठच्या गावात इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन (जादा प्रीमियम भरून मिळणारं वाढीव संरक्षण) घ्याच, आणि त्याच्या अटीही वाचा.

आयडीव्हीबद्दल एवढंच: गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस (दुरुस्तीपलीकडे) झाली तर हाती येणारी रक्कम आयडीव्हीवरच ठरते. सहा लाखांची गाडी पाच लाखांची दाखवून वाचणार फार तर दोन-तीन हजार, आणि जाणार लाखभर.

तीन वर्षांच्या विम्यात अर्धं सत्य आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी सक्तीची आहे. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. शोरूममधून निघताना तो कागद कुणी नीट बघत नाही.

छोट्या क्लेमचं मात्र बरोबर आहे, मान्य करायला हवं. बंपर घासला, चार हजारांचं काम निघालं. झिरो डेप (घसारा न कापण्याचं ॲड-ऑन) नसेल तर प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात, वर हजार रुपये आपल्याला भरावेच लागतात. राहिलेल्या चिल्लरीसाठी पाच वर्षं क्लेम न करून मिळवलेला ५० टक्के एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) घालवायचा नसतो. पैसे वाचवायचे तर इथे वाचवा. व्हॉलंटरी डिडक्टिबल (क्लेममधली आपण स्वतःहून सोसायची रक्कम) वाढवून घ्या, तीन-चार कंपन्यांचे दर बघा. बारा-पंधरा वर्षांची गाडी असेल आणि ती गेली तरी चालण्यासारखं असेल, तर नुसती थर्ड पार्टीही ठीक.

फक्त तारीख चुकवू नका. खंड पडला की गाडीची तपासणी झाल्याशिवाय फर्स्ट पार्टी सहसा मिळत नाही, ९० दिवस उलटले की एनसीबीही जातो, आणि मधल्या दिवसांत कुणाला धडक बसली तर वरचा ५० लाखांचा हिशेब मालकाच्या नावावर.