८८ टक्के बायका, चिंध्या आणि दानाचं पाकीट

२८ मे, म्हणजे मासिक पाळी स्वच्छता दिवस, जवळ आला की एक संदेश ग्रुपवर फिरू लागतो : "देशातल्या ८८ टक्के बायका आजही चिंध्या आणि राख वापरतात. झोपडपट्टीतल्या बायकांना स्वच्छता ठाऊक नाही, कापडामुळे त्यांना आजार होतात. पॅडचं एक पाकीट दान करा, प्रश्न सुटेल." पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. मजकूर मात्र जवळजवळ सगळाच चुकीचा आहे.

आधी ८८ टक्के. हा आकडा २०१०च्या आसपास एका बाजार-संशोधन कंपनीने केलेल्या पाहणीतला; त्यात विचारलं होतं हजारेक बायकांना. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शहरांतल्या १५ ते २४ वयाच्या जवळपास ९० टक्के मुली-बायका पॅड किंवा तत्सम साधनं वापरत होत्या, खेड्यांत ७२ टक्के. अर्थात या नव्वदावरही फार हुरळू नये. मुंबईतलं श्रीमंत मलबार हिल आणि झोपडपट्ट्यांचं मानखुर्द त्यात एकाच सरासरीत येतात. शिवाय हा आकडा चोविशीपर्यंतचाच. चार घरची धुणीभांडी करणारी चाळिशीची बाई त्यात नाही.

"स्वच्छता ठाऊक नाही." पहिली पाळी येईपर्यंत अनेक मुलींना कुणी काही सांगत नाही, हे खरं, पण ते फ्लॅटमध्येही घडतं. चार-सहा तासांनी पॅड बदलावा हे वस्तीतल्या मुलीही जाणतात. बदलायचा कुठे, हा प्रश्न आहे. घरात एकच खोली, मोरीला पडदा, समोर सासरा बसलेला. सार्वजनिक संडासाला रांग, दाराला कडी नाही, रात्री दिवा नाही, पाणी बाहेरून बालदीने न्यायचं. वर दर खेपेला पैसे. मुंबईत पुरुषांना लघवी फुकट आणि बायकांना मात्र पैसे, यावर २०११मध्ये 'राइट टू पी', म्हणजे लघवीच्या हक्काची चळवळ उभी राहिली ती उगाच नाही. पाळीत खेपा वाढतात, मग एकच पॅड दिवसभर राहतो आणि पाणीही कमी प्यायलं जातं. इथे माहितीपत्रक वाटून काय होणार?

"कापडामुळे आजार." साबणाने धुतलेलं, उन्हात खडखडीत वाळवलेलं सुती कापड वाईट नसतं. ओडिशातल्या दोन रुग्णालयांत झालेल्या, २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कापड वापरणाऱ्यांत संसर्ग जास्त आढळला होता, हे लपवायचं कारण नाही. पण संडासाबाहेर कुठेतरी आडोशाला कापड बदलणाऱ्या आणि कमी वेळा अंग धुणाऱ्या बायकांनाही त्रास जास्त होता, हेही त्यातच आहे. वस्तीत वाळत घालायचं कुठे? पुरुषांच्या नजरेला पडू नये म्हणून ते साडीखाली नाहीतर पोटमाळ्यावर जातं आणि पावसाळ्यात दमटच पुन्हा वापरलं जातं. दोष त्या दमटपणाचा. बारा तास न बदललेल्या महागड्या पॅडनेही जांघा सोलवटतातच.

राहिलं दान. एक पाकीट फार तर एका पाळीला पुरतं. पॅडवरचा १२ टक्के जीएसटी जुलै २०१८मध्ये गेला, ऑगस्ट २०१९पासून सरकारच्या स्वस्त औषधांच्या जन औषधी केंद्रात एक रुपयाला पॅड मिळू लागला. पाकीट वाटण्यापेक्षा असं केंद्र वस्तीजवळ असणं मोलाचं. आणि वापरलेल्या पॅडचं काय, हे संदेशात कधीच नसतं. संडासात डबा नाही, म्हणून तो नाल्यात जातो, संडासाच्या भांड्यात टाकला तर तुंबतं, नाहीतर काळ्या पिशवीतून घंटागाडीत. पुढे तो हाताने वेगळा करणारी कचरावेचकही बहुधा अशाच वस्तीत राहणारी. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचकांनी म्हणूनच पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असं घराघरांत सांगितलं. २०१६च्या घनकचरा नियमांनी तर पॅडसोबत गुंडाळायची पिशवी देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली होती. पाकीट वाटणाऱ्या मंडळांनी वॉर्ड ऑफिसकडे वस्तीच्या संडासात झाकणाचे डबे, आतून कडी आणि दिवा मागितला, तर ती मागणी टाळणं तिथल्या अधिकाऱ्यांना जड जाईल.