डाग मोजले म्हणजे नुकसान मोजले, असे होत नाही

गेल्या पंधरवड्यात आमच्या सोलापुरातील नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचे आवरण खराब करणाऱ्या आजाराविषयीचा एकच संदेश तीन जणांनी पाठवला. एमआरआयवर दिसणारा प्रत्येक पांढरा डाग म्हणजे मेंदूचा मेलेला भाग; नव्या तपासणीत डाग वाढले नसतील तर आजार थांबला असे समजून औषधे बंद करावीत; उन्हाळ्यात त्रास वाढला तर तो आजाराचा नवा झटका मानून लगेच एमआरआय काढावा; आणि शेवटचा रिपोर्ट तेवढा जपावा, जुन्या फिल्म टाकून द्याव्यात, असे त्यात ठामपणे लिहिले होते. माझ्या धाकट्या बहिणीला हा आजार होऊन ९ वर्षे झाली. संदेश वाचून तिने फोन केला आणि विचारले, "दादा, दोन वर्षे माझ्या रिपोर्टमध्ये नवीन काहीच नाही, मग गोळ्या बंद करू का?" तिच्यासारखे आणखी कितीजण हाच विचार करत असतील, या काळजीने हे लिहीत आहे.

पहिले विधान डागांविषयीचे. एमआरआयचे यंत्र मेलेल्या पेशी दाखवत नाही. ऊतींमधील पाण्याच्या वर्तनावरून ते चित्र तयार करते. टी-टू आणि फ्लेअर प्रकारच्या चित्रांत जिथे ऊतींमधले पाणी वाढलेले असते तो भाग पांढरा दिसतो, आणि ताजी सूज, चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण गेलेला भाग, ते आवरण अंशतः पुन्हा चढलेला भाग, जुना व्रण आणि तंतू खरोखर तुटलेला भाग, हे सगळे तिथे जवळजवळ सारखेच पांढरे दिसतात. कापडावरचा डाग आणि तुटलेला ताणा यांतला फरक सोलापुरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इथेही नेमका तोच फरक आहे. तंतू तुटल्याचा अंदाज टी-वन चित्रांवरून जास्त चांगला येतो. तिथे काही डाग गडद दिसतात आणि त्यांना ब्लॅक होल म्हणतात. त्यांतले काही सूज उतरल्यावर काही महिन्यांत पुसट होतात, पण जे सहा महिन्यांनंतरही गडद राहतात त्यांत तंतूंची मोठी हानी झालेली असण्याची शक्यता अधिक असते. शिवाय डाग किती यापेक्षा तो कुठे आहे याला पुष्कळ वेळा जास्त महत्त्व असते. मज्जारज्जूतला एक लहान डाग चालणे अवघड करू शकतो, तर मेंदूतले दहा डाग रुग्णाला जाणवतही नाहीत. मायग्रेन, उच्च रक्तदाब आणि वाढते वय यांमुळेही पांढरे ठिपके येतात, हे तर त्या संदेशात कुठेच नव्हते.

दुसरे विधान सर्वांत घातक आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. नवा डाग दिसला नाही याचा अर्थ इतकाच, की दोन तपासण्यांच्या दरम्यान मोठ्या, ठळक सुजेचा नवा पुंजका उमटला नाही. एवढी शांतता मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे, पण ती बहुतेकदा त्याच औषधामुळे मिळालेली असते, जे बंद करायला हा संदेश सांगतो. त्याच वेळी नेहमीच्या चित्रांत निरोगी दिसणाऱ्या, मेंदूच्या आतल्या चेतातंतूंच्या भागातही (ज्याला व्हाइट मॅटर म्हणतात) बारीक हानी चालू असू शकते. मेंदूच्या बाहेरच्या करड्या थरातले डाग तर नेहमीच्या एमआरआयमध्ये बहुतांशी दिसतच नाहीत. या दबक्या हानीची एक खूण म्हणजे मेंदूचे आकारमान घटणे. निरोगी प्रौढांत ते वर्षाला साधारण ०.१ ते ०.३ टक्के घटते, तर उपचार न घेतलेल्या एमएसच्या रुग्णांत साधारण ०.५ ते १.३ टक्के. म्हणजे डागांची संख्या जागच्या जागी असतानाही मेंदू आक्रसत जाऊ शकतो.

मग रिपोर्टमध्ये हाच आकडा का मागू नये, असे कोणी विचारेल. संशोधनात शेकडो रुग्णांची सरासरी काढताना तो उत्तम काम देतो, पण एका माणसाच्या एका वर्षाच्या मोजमापात तो सहज फसवतो. शरीरातले पाणी कमी झाले तरी मेंदूचे आकारमान किंचित घटलेले दिसते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी रिक्षातून तपासणीला आलेल्या माणसाचे पाणी कमी झालेले असणे अगदी शक्य आहे. प्रभावी औषध सुरू केल्यावर पहिल्या वर्षात सूज उतरते, त्यामुळेही आकारमान कमी भरते. ती घट म्हणजे पेशींचा नाश नव्हे. यंत्र बदलले तरी आकडा बदलतो.

उन्हाळ्याविषयीच्या विधानाला फार शब्द लागत नाहीत. मायलिन गेलेल्या तंतूतून संदेश जेमतेम पुढे जात असतो आणि शरीराचे तापमान अर्धा अंश वाढले तरी तो अडखळतो. श्रमानंतर रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, याचे वर्णन जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथोफ यांनी १८९० मध्येच केले होते. पारा चाळीशीच्या वर गेला की माझ्या बहिणीचे पाय जड होतात, आणि ओल्या टॉवेलने अंग पुसून, पंख्याखाली तासभर बसल्यावर पूर्ववत होतात. यात नवी हानी नसते. ताप किंवा संसर्ग नसताना नवीन त्रास २४ तासांहून अधिक टिकला तर मात्र डॉक्टरांना कळवायलाच हवे. एमआरआय काढायचा की नाही हे ते तपासून ठरवतील.

जुन्या फिल्म टाकून देण्याचा सल्ला वाचून मला सर्वांत जास्त वाईट वाटले, कारण वर सांगितलेले प्रत्येक मोजमाप तुलनेवर उभे आहे. डाग नवा की जुना, गडद डाग टिकला की पुसला गेला, मज्जारज्जू बारीक झाला का, हे एका तपासणीवरून कळत नाही. शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने काढलेली आधीची चित्रे शेजारी ठेवावी लागतात. फिल्मवर निवडक चित्रेच छापलेली असतात, म्हणून प्रत्येक वेळी सीडी मागून घ्यावी. बहिणीच्या पहिल्या तपासणीची सीडी आईने कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली होती. ती आम्ही काढून ठेवली आहे. पुढच्या भेटीत सगळ्या सीडी तिच्या मेंदूविकारतज्ज्ञांपुढे ठेवू, ते तिला चालायला लावून, हातापायांची ताकद आणि नजर तपासतील, आणि गोळ्यांचा प्रश्न ती त्यांनाच विचारेल. तोवर गोळ्या चालू आहेत.