अब्रू कुणाची गेली?

म्युनिकला येऊन नऊ वर्षं झाली तरी सकाळी उठून पहिले निपाणी-बेळगावचेच ग्रुप उघडते. परवा भाचीनं बायकांवरच्या अत्याचाराबद्दल पोस्ट टाकली, त्यात कन्सेंट, सर्वायव्हर, पॅट्रिआर्की सगळं होतं, आणि खाली भांडण कशावरून, तर एकजण म्हणे कन्नडात का नाही, दुसऱ्यानं आधी शुद्ध मराठीत लिही म्हणून झापलं, आणि बाईचं काय ते कुणी बोललंच नाही. आपल्या सीमाभागात हे नेहमीचंच.

भाचीचे शब्द मला नकोत असं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या वंटमुरीत मुलगा एका मुलीबरोबर पळून गेला म्हणून त्याच्या आईला घरातून ओढून, विवस्त्र करून, खांबाला बांधून मारलं. तिकडं बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं. हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली, आणि आमच्या ग्रुपवर मेसेज काय, तर ‘बाईची अब्रू गेली’. मला ते वाचवत नाही. गुन्हा मारणाऱ्यांचा, मग अब्रू तिची कशी जाते? तिला सर्वायव्हर, म्हणजे त्यातून तगलेली, म्हणणाऱ्या पोरी निदान तो डाग तिच्या अंगावर ठेवत नाहीत.

पण तेव्हा फोनवर माझी मावशी, जन्मभर विड्या वळलेली, म्हणाली, “पोरगं पळालं तर आईला का गं वडायचं? आनि बगत हुबारलेली मानसं काय करत हुती?” पुढं कोर्टानंही बघ्यांना हेच सुनावलं. इतकं नेमकं मी एकाही पोस्टमध्ये वाचलं नव्हतं.

इथं जर्मनीत बायकांची घोषणा होती, ‘नाही म्हणजे नाही’. शाळकरी पोराला, दुकानदाराला, कुणालाही कळेल अशी. आधी बाईनं नुसतं नाही म्हटलेलं कायद्याला पुरत नव्हतं, जबरदस्ती, धमकी असं काहीतरी सिद्ध व्हावं लागायचं, २०१६ मध्ये ते बदललं. एकट्या घोषणेनं झालं नाही, कोलोनला न्यू इयरच्या रात्री गर्दीत कितीतरी बायकांवर हात टाकले गेले त्यानंही देश हादरला होता, पण लोक चिडले तेव्हा काय मागायचं ते सगळ्यांच्या तोंडात तयार होतं.

म्हणून भाचीला फोन केला, म्हटलं मावशीचं वाक्य जसंच्या तसं टाक आणि खाली तेच कन्नडातही लिही, तुझ्या मैत्रिणींना दोन्ही येतं. ती म्हणाली, ‘हुबारलेली’चं ‘उभी असलेली’ करू का?

नको म्हटलं.