लाल डाग म्हणजे जळालेला मेंदू नव्हे

आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘साठीनंतर रस्ता चुकला की अल्झायमर समजा. मेंदूचा रंगीत स्कॅन काढा. लाल दिसेल तेवढा मेंदू जळाला.’ तो वाचून आईचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. गेल्याच आठवड्यात ती राजारामपुरीत गल्ली चुकली होती.

आधी त्या लाल रंगाचं बघू. मेसेजसोबतचा फोटो फंक्शनल एमआरआयचा दिसतोय. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडं रक्त जास्त धावतं, ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं आणि यंत्र ते टिपतं. रंग भरतो संगणक, आकडेमोड करून. म्हणजे लाल ठिकाणी काम चाललंय! गंमत पुढं आहे. माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंटमध्ये स्मरण किंवा विचार वयाच्या मानानं घसरतो, पण रोजचे व्यवहार निभावतात. अशांना दिशा-जागेची कोडी घातली, की काही अभ्यासांत मेंदूचे काही भाग निरोग्यांपेक्षा जास्त उजळलेले दिसले, काहींत कमी. जास्त उजळणं म्हणजे कमकुवत भागाची भरपाई, असं बरेच संशोधक मानतात. शिवाय ही सगळी गटाची सरासरी. एकट्या माणसाचं निदान त्यावरून होत नाही.

रस्ता चुकण्याच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. जागेचं भान पार्श्विका खंड, हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला एंटोरायनल भाग सांभाळतात; अल्झायमरची झीज या शेवटच्या भागात फार लवकर सुरू होते. मेंदूतल्या या ‘नकाशा’च्या पेशींच्या शोधाला 2014 चं नोबेल मिळालं. राहत्या गल्लीत कुणी वारंवार हरवत असेल तर डॉक्टर गाठाच. पण राजारामपुरीच्या नंबरच्या गल्ल्यांत, संध्याकाळी, मोतीबिंदू घेऊन? तिथं मीही चुकतो, भावा.

आणि ‘अल्झायमर समजा’ हे तर साफ चूक. इम्पेअरमेंट असलेले सगळेच डिमेन्शियाकडं, म्हणजे रोजचे व्यवहारही न जमणाऱ्या स्मृतिभ्रंशाकडं, जात नाहीत. काही वर्षानुवर्षं तसेच राहतात, काही सुधारतातही. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कारण यांतलंही असू शकतं. साधा एमआरआय डॉक्टर सांगतात तो आकसलेला भाग, पक्षाघाताचा जुना झटका किंवा गाठ बघायला.

विचारशक्ती तपासायला आईला डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. ‘दहा’ ऐकून काहीजण मिनिटकाटा थेट 10 वर नेतात. आईचा हात क्षणभर तिकडं गेला, थांबला, मग 2 वर आला. चिठ्ठीवर लिहून मिळालं ते बी-12, थायरॉइड आणि डोळ्यांची तपासणी.