एका थेंबात ब्लॉकेज?

रंकाळ्यावर फिरणाऱ्या आमच्या ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय: 'नोबेलनं सिद्ध झालंय, हृदयातले ब्लॉकेज आरएनएमुळं होतात. कोलेस्टेरॉलची भीती सोडा, तांबडा-पांढरा ओरपा. रक्ताच्या एका थेंबात ब्लॉकेज कळतो, अँजिओग्राफी कशाला? वर्षाला दोन इंजेक्शनं घ्या, विरघळतोय.' खाली अंगठ्यांची रांग. माझा दिवस लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांत जातो, त्यामुळं गप्प बसवेना.

नोबेलचं लगेच मिटवतो. २०२४ चं नोबेल अँब्रोस आणि रुवकुन या शास्त्रज्ञांना मायक्रोआरएनएसाठी (जनुकांवरून पेशीत उतरणाऱ्या आरएनए रेणूंचा अगदी छोटा प्रकार) मिळालं, पण १९९३ साली तो सापडला जेमतेम मिलिमीटरभर अळीत. हृदयाचा तिथं विषयच नव्हता.

'आरएनएमुळं, म्हणून कोलेस्टेरॉल निर्दोष' हे तर उफराटंच. हे आरएनए स्वतः प्रथिन बनवत नाहीत, जनुकांच्या कामावर लगाम ठेवतात. मायक्रोआरएनए-३३ घ्या. पेशीतलं जादा कोलेस्टेरॉल बाहेर टाकणाऱ्या प्रथिनालाच तो दाबतो. म्हणजे गडी बसलाय कोलेस्टेरॉलच्याच वाटेवर. नवव्या गुणसूत्रावरच्या एका जागेचा हृदयविकाराशी संबंध २००७ मध्ये दिसला, तिथून 'अॅनरिल' नावाचा लांबलचक आरएनए निघतो. त्या जागेनं धोका वाढतो, पण तंबाखू, शुगर, बीपी त्यामुळं माफ होत नाहीत.

आता तो थेंब. हृदयाचा स्नायू मेला की मायक्रोआरएनए-२०८ आणि ४९९ रक्तात वाढतात, खरंय. पण कुठली रक्तवाहिनी किती तुंबलीय, हे ते सांगत नाहीत. शिवाय मोजणं नाजूक. नळी जोरात हलवली, तांबड्या पेशी फुटल्या, सिरम, म्हणजे रक्ताचं वरचं पिवळसर पाणी, गुलाबी दिसलं, की पेशींतलेच मायक्रोआरएनए सांडून आकडे बिघडतात. हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिलेल्या पेशंटच्या रक्तात तर पीसीआरच (मायक्रोआरएनए मोजायची पद्धत) अडतो, आणि अँजिओग्राफीत हेपारिन सर्रास देतात! अॅटॅकच्या संशयात म्हणूनच आजही ईसीजी आणि ट्रोपोनिन (इजा झालेल्या हृदयस्नायूतून रक्तात येणारं प्रथिन) बघतात.

इंजेक्शन मात्र खरं आहे: इन्क्लिसिरान. माणसानं घडवलेला छोटा आरएनए. यकृतात पीसीएसके-९ हे प्रथिन बनू देत नाही (ते एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, रक्तातून हटू देत नाही), त्यामुळं एलडीएल जवळपास निम्म्यावर येतं. पहिला डोस, तीन महिन्यांनी दुसरा, मग दर सहा महिन्यांनी. तुंबलेली वाहिनी त्यानं मोकळी होत नाही, बहुतेकांना स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीच्या, जोडीनंच देतात. आणि गंमत बघा, ज्या कोलेस्टेरॉलला मेसेज वरच्या ओळीत निर्दोष ठरवतो, तेच कमी करायचं औषध खालच्या ओळीत विकतो.

काल गंगावेशीत दूध पिताना ग्रुपातले एक काका म्हणाले, 'कोलेस्टेरॉलची गोळी सोडली की मी, चार दिवस झाले.' ग्लास तसाच ठेवायला लावला आणि त्यांच्याच फोनवरून डॉक्टरांना फोन लावला.