हायकू म्हणजे फक्त ५-७-५ नव्हे
हायकू ही जपानी लघुकविता म्हणजे ५-७-५ अक्षरांच्या तीन ओळी, एवढ्यावरच तुमच्या हायकूवरच्या लेखात भागवलंय, ते खटकलं. जपानी कवी बाशोच्या वाळक्या फांदीवरच्या कावळ्याचं हायकू घ्या. मधला भाग चक्क ९ अक्षरांचा आहे! पण ‘शरदातली संध्याकाळ’ हा किगो, म्हणजे ऋतू सांगणारा शब्द, त्यात आहेच. आणि कावळा बसला तिथे ‘केरी’ हा किरेजी, म्हणजे विराम देणारा शब्द, येतो, वाचणारा क्षणभर थबकतो. ऋतूचा आग्रह का, तर हायकू हे मुळात अनेकांनी मिळून रचायच्या साखळी-कवितेचं पहिलं कडवं, होक्कू. मंडळी जमली तो ऋतू त्यात यायलाच हवा. शिकी या जपानी कवीने १९व्या शतकाच्या अखेरीस त्याला स्वतंत्र कविता म्हणून उभं केलं. किगो-किरेजीवर सविस्तर लिहा ना, मनापासून वाट बघतेय.