शेवटची खाच म्हणजे नवा शॉकअप नव्हे

गेल्या आठवड्यात एकच मेसेज माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला. मजकूर मोटरसायकलवाल्यांसाठी होता, असा: ‘गाडी मागून बसली? मेकॅनिकच्या नादी लागू नका. मागच्या शॉकअपची कॉलर शेवटच्या खाचेवर घ्या, गाडी नव्यासारखी! एका बाजूचा गळत असेल तर तेवढाच बदला. गॅसवाल्याला तर काही होतच नाही.’ पाठवणाऱ्यांत आमचा मावसभाऊही होता, म्हणून गप्प बसवेना.

आधी कॉलरचं, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाला फिरणाऱ्या खाचांच्या कडीचं. शॉकअपमध्ये दोन गडी कामाला असतात. बाहेरची स्प्रिंग वजन पेलते. आतल्या नळीतलं तेल पिस्टनच्या बारीक छिद्रांतून जाताना त्या स्प्रिंगची उसळी आवरतं. कॉलर फिरवली की स्प्रिंग आधीपासून जरा दाबून ठेवली जाते आणि गाडी मागून उचलली जाते, बस. स्प्रिंगचा मूळ कडकपणा तोच राहतो. तेल गळून गेलं असेल तर ते खाचेतून कुठून येणार, राजेहो? उलट दाबलेली स्प्रिंग, आवरणारं कोणी नाही, आणि वर एकटा स्वार. आपल्या सिमेंट रोडच्या सांध्यांवरून किंवा कडेच्या गट्टूवरून गेलात की चाक टणाटण उडतं. उडालेल्या चाकाला ब्रेक लावून गाडी थांबत नसते.

खात्री करायला पाना लागत नाही. गाडी स्टँडवरून उतरवा, सीटवर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडा. वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा डुलत राहिली तर शॉकअप गेला. दांड्यावर तेलात कालवलेल्या धुळीचा काळा लेप दिसला तर सील, म्हणजे तेल आत अडवणारी कडी, गेलं. मात्र त्याही आधी मागच्या टायरची हवा बघा. ती कमी असली तरी गाडी बसल्यासारखीच वाटते.

मग खाचा दिल्यात कशाला? वजनासाठी. स्प्लेंडरसारख्या गाडीला पाच असतात. एकटे हिंगण्याला ड्युटीवर जाता तेव्हा खालची खाच पुरते. काटोलहून वहिनींना मागे बसवून, वर संत्र्यांची थैली घेऊन यायचं असेल तर वर चढवा, नाहीतर शेपूट खाली आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. ढोबळ हिशेब असा, की तुम्ही बसल्यावर मागचं चाक एकूण हालचालीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकं दबावं. खड्डा आल्यावर चाकाला खाली जायलाही जागा हवी ना! शेवटच्या खाचेवर एकटे बसलात तर ती जागाच उरत नाही. खाच बदलताना गाडी डबल स्टँडवर घ्या, कॉलरवरचा चिखल पुसा आणि दोन्ही बाजू एकाच खाचेवर ठेवा.

‘तेवढाच बदला’ हा सल्ला मी स्वतः पाळून बसलोय. डावा नवा, उजवा जुना. सरळ रस्त्यावर काही कळलं नाही, रामटेकच्या वाटेवर वळण घेताना मात्र गाडी मागून शेपटी हलवायला लागली. एक बाजू आवरते, दुसरी उसळते, मधल्या मधे मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याला पीळ पडतो. म्हणून जोडीच घ्या. घेताना वरच्या बुशच्या (टोकाच्या बोल्टभोवतीच्या रबरी कडीच्या) मध्यापासून खालच्या बुशच्या मध्यापर्यंतची लांबी जुन्याशी जुळवून पाहा. लांब निघाला तर डबल स्टँडवरही चाक जमिनीला टेकतं. बसवताना एका वेळी एकच काढा, म्हणजे दुसरा चिमटा धरून ठेवतो. शेवटी चेनचा ढिलेपणा तपासा. एकच शॉकअप असलेल्या गाडीत चिमटा धरायला दुसरा कोणी नसतो, ते काम गाडी अधांतरी धरायची सोय असलेल्याकडेच द्या.

गॅसचं थोडक्यात. नायट्रोजनच्या दाबामुळे सतत धक्के बसतानाही तेलाला फेस येत नाही, फायदा एवढाच. सील त्यातही असतंच, आणि आपल्या ४५ अंशांच्या मे महिन्यात तेही म्हातारं होतं. असा शॉकअप कोणी भोक पाडून किंवा वेल्डिंग करून ‘भरून देतो’ म्हणाला तर गाडी घेऊन निघा. आत दाबाखालचा वायू आहे.

मेसेजमधलं एक मात्र मान्य. प्रत्येक वेळी नवा शॉकअप घ्यायची गरज नसते. नुसती कुरकुर असेल तर बहुधा रबरी बुश झिजलेलं असतं, ते वेगळं मिळत असेल तर तेवढंच बदला. आवाज घालवायला त्यावर ग्रीस चोपडू नका, रबर फुगतं.